घाटाच्या वाटेनं जुन्नर

जुन्नरला लोक जातात ते पुण्याहून, आणि बहुतेक एका दिवसात. पहाटे निघायचं, ओझर आणि लेण्याद्री हे दोन गणपती करायचे, वेळ उरला तर शिवनेरी, आणि रात्री जेवायला घरी. देवदर्शन होतं, फोटो होतात, तक्रार कसलीच नाही. पण एवढ्याशा मुलखात दोनशेहून जास्त कोरीव लेणी का, हाकेच्या अंतरावर शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे किल्ले का, निजामशाहीनं आपलं पहिलं बस्तान इथंच का बसवलं, हे त्या फेरीत कळत नाही. त्याचं उत्तर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, सह्याद्रीच्या कड्यातल्या एका अरुंद खिंडीत. म्हणून आम्ही उलटे निघालो. कोकणातून नाणेघाट चढायचा आणि सोपारा, कल्याणचा माल ज्या वाटेनं पैठणकडे जायचा त्याच वाटेनं पूर्वेला सरकत राहायचं, असा बेत. दिवस मार्गशीर्षातले होते. बरोबर भाचा होता. तो इंजिनियरिंगला आहे आणि इतिहासाचं पुस्तक त्यानं दहावीनंतर उघडलेलं नाही. अशी माणसं प्रवासात बरी असतात, कारण ती भलतेच सरळ प्रश्न विचारतात.

मंगळवार : वैशाखरे ते घाटघर

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या एसटीनं वैशाखऱ्याच्या पुढे उतरलो. रस्त्यावरूनच नानाचा अंगठा हा कडा दिसतो. तो लक्षात ठेवायचा आणि चालायला लागायचं, वाट चुकायचं काम नाही. सुरुवातीचा पट्टा झाडीतून जातो आणि जवळजवळ सपाट आहे. एक-दोन ओढ्यांना अजून घोट्याएवढं पाणी होतं. खरी चढण नंतर लागते. मग मात्र पायाखाली दगड बसवलेले दिसतात, कुठे कातळातच पायऱ्या काढलेल्या, मधला भाग झिजून खोलगट झालेला. पावसाळ्यात इथे शनिवार-रविवारी जत्रा असते. वारा पाण्याला उलटं वर फेकतो तो धबधबा बघायला लोक लोटतात. आमच्या वाट्याला धबधबा नव्हता, पण वाटेत फक्त एक गुराखी भेटला, आणि हा सौदा मला तरी फायद्याचा वाटला.

"मामा, इथून बैलगाडी कशी नेत असतील?" भाच्यानं विचारलं. गाडी नाहीच. पाठीवर गोण्या लादलेले बैल, गाढवं आणि माणसं. म्हणजे प्रत्येक जनावर सुटं, एकामागे एक, आणि वर खिंडीच्या तोंडाशी येईपर्यंत सगळी रांग एका पदरात आलेली. जकात गोळा करायला याहून सोयीची जागा देवानंही काढून दिली नसती.

खिंड लागायच्या जरा आधी ते लेणं आहे. बाहेरून बघितलं तर कातळात काढलेली एक चौकोनी खोली. नक्षी नाही, खांबांची आरास नाही. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावले की डाव्या-उजव्या भिंती अक्षरांनी भरलेल्या आहेत हे हळूहळू ध्यानात येतं. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन आहे, आणि मग यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय आणि इतर कितीतरी. प्रत्येकापुढे दक्षिणा किती दिली त्याचा हिशोब. एके ठिकाणी १७०० गायी आणि १० हत्ती. लेख बराच खराब झालाय, ओळीच्या ओळी पाण्यानं खाल्ल्यात, पण आकडे पुष्कळ ठिकाणी टिकलेत.

भाचा आकड्यांपाशीच अडकला. मी छापून नेलेला तक्ता हातात धरून तो भिंतीजवळ उकिडवा बसला. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन आडव्या रेघा, चार म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी खूण. शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं, आणि सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हालाच सातची खूण जोडायची. "म्हणजे स्थानावरून किंमत नाही," तो म्हणाला, "प्रत्येक वजनाचं माप वेगळं ठेवल्यासारखं." भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी हे अंक आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्यांचा अभ्यास केला. आता त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून एक इंजिनियरिंगचा पोरगा बेरीज तपासत होता.

मागच्या भिंतीवर पुतळे होते. होते म्हणजे आता फक्त पावलं उरलीत. ओळीनं उभ्या माणसांचे घोट्याखालचे भाग, कुठे वस्त्राचा काठ, बाकी सगळं कातळातून खरवडून गेलंय. डोक्यांच्या जागी, वर, नावं मात्र शाबूत. पहिलं सिमुक सातवाहनाचं, मग देवी नायनिका, म्हणजे हीच नागनिका, आणि राजा सातकर्णी, पुढे कुमार भाया, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. महाराष्ट्रावर राज्य केलेल्या पहिल्या घराण्याचं हे कुटुंबचित्र, आणि ते राजधानीत नाही, जकात नाक्यावर आहे. पैठणला कधीही न जाणाऱ्या व्यापाऱ्यालाही राजा कोण आणि तो किती दानशूर हे कळावं, आणि मग त्यानं निमूट पैसे मोजावेत. निदान मी तरी त्या जागेचा अर्थ असा लावतो.

लेण्याशेजारच्या टाक्यातलं पाणी गार होतं. त्यापुढे खिंडीची नळी, दोन्ही बाजूंना उभा कातळ, आणि मग एकदम पठार. वर दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत आणि संध्याकाळपर्यंत तो भरत असे, असं सगळे सांगतात.

घाटघरला ज्या घरी उतरलो तिथल्या मावशींनी या रांजणाची गोष्ट स्वतःच्या पद्धतीनं पुढे नेली. "तवा रांजण भरत हुता म्हंत्यात, दादा. आता रैवारी तवापरीस जास्ती मानसं येत्यात, पर रांजनात पिशव्याच टाकत्यात."

हा पश्चिम पट्टा महादेव कोळ्यांचा. पाऊस वेड्यासारखा, जमीन उताराची, आणि पीक मुख्यतः भात, नाचणी, वरई. आम्ही पोचलो तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. दोघं दोन्ही हातांत पेंढी धरून लाकडी फळीवर आपटत, तिसरी बाई सुपानं वारं देत होती. फळीवरून दाणे उडून खळ्याच्या शेणसारवल्या कडेपर्यंत जात आणि कोंबड्या तिथे टपूनच बसलेल्या. रोख पैसा हवा तर हिरडा. फाल्गुन-चैत्रात झाडावर चढून कोवळा बाळहिरडा काढायचा, वाळवायचा, विकायचा. भाव मिळाला तर पोरांच्या शाळेचं भागतं, नाही तर मुंबई-नारायणगावला मजुरी. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, आणि पाट्यावर वाटलेला ठेचा. भाच्यानं ठेच्याबद्दल फुशारकी मारली होती. तांब्याभर पाण्यानंतर ती संपली.

अंगणातून समोर जीवधन आणि त्याच्या शेजारी वानरलिंगीचा सुळका. जीवधनची वाट अवघड आहे, कातळातल्या खोबण्यांत पाय रोवून चढावं लागतं, आणि या खेपेला ते मनातही नव्हतं. निजामशाहीच्या शेवटच्या दिवसांत याच किल्ल्यावर कैदेत असलेल्या लहानग्या मूर्तजाला शहाजीराजांनी बाहेर काढलं आणि पेमगिरीवर नेऊन गादीवर बसवलं. मांडीवर राजा घेऊन राज्य चालवायचा तो प्रयोग १६३६ मध्ये संपला.

बुधवार : कुकडेश्वर आणि चावंड

सकाळची जीप पूर गावापर्यंत. तिथे कुकडी नदीचा उगम आणि कुकडेश्वराचं देऊळ. सह्याद्रीतल्या नद्यांच्या उगमाशी शिलाहार राजा झंझ यानं शिवालयं बांधली असं म्हणतात, त्यातलं हे एक. शिखर नाही. वरचा भाग कधीच पडून गेलाय आणि देऊळ बसक्या अंगाचं दिसतं, पण भिंतींवरचं कोरीव काम जवळ जाऊन बघण्यासारखं आहे. आम्ही थांबलो ते थोडाच वेळ. पुजारी घाईत होते आणि आमची पुढची जीप त्याहून घाईत.

पुढे रस्त्याच्या कडेनं माणिकडोह धरणाचं पाणी सुरू होतं आणि बराच वेळ संपत नाही. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं. पाऊस पडतो इथे, भातखाचरं बुडाली ती इथली, आणि पाणी कालव्यांनी जातं पार पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. जीपमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी पाण्याकडे बोट करून "तिथं आमचं घर" एवढंच सांगितलं, आणि मग उतरेपर्यंत कांद्याच्या भावावर बोलत राहिले.

चावंड मला जुन्नरच्या सगळ्या किल्ल्यांत जास्त आवडतो आणि तो का लोकप्रिय नाही तेही मला माहीत आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांचे किल्ले घेतले तेव्हा पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये म्हणून वाटाच उडवल्या. चावंडच्या पायऱ्यांचं तेच झालं. आता लोखंडी कठडे लावलेत, त्यामुळे भीती बरीच कमी झाली आहे, तरी तुटक्या टप्प्यावर खालची दरी पावलांच्या मधून दिसते. तिथेच कातळात एक जुनी तोफेची नळी उभी रोवलेली आहे, आधाराला धरण्यासाठी. लोखंड इतक्या हातांनी घासून काळं चकचकीत झालंय. कधीकाळी गोळे फेकणारी तोफ आता म्हाताऱ्या यात्रेकरूंना वर ओढून घेते.

वर दरवाजा, कातळातला गणपती, वाड्यांची जोती, आणि सात टाक्यांचा तो प्रसिद्ध समूह. एकाला एक लागून सात टाकी, सप्तमातृकांच्या नावानं ओळखली जातात. अगदी माथ्यावर चामुंडा देवीचं छोटं देऊळ. १५९४ च्या सुमारास अहमदनगरच्या गादीचा वारस, लहानगा बहादूर, याच गडावर कैदेत होता. पुढे चाँदबिबीनं त्याची बाजू घेऊन त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं मोगलांशी अहमदनगरचा किल्ला लढवला. जीवधनवर एक पोर, चावंडवर एक पोर. निजामशाहीला आपले राजपुत्र ठेवायला ही वाटेवरची तिजोरी बरी वाटत असावी.

संध्याकाळी जुन्नरला मुक्काम. रात्री मासवडी खाल्ली. नाव ऐकून भाचा दचकला, पण हे शाकाहारी प्रकरण आहे. बेसन शिजवून कापडावर थापायचं, आत तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून गुंडाळी करायची, वड्या कापायच्या आणि सोबत झणझणीत काळा रस्सा. त्यानं तीन वेळा रस्सा मागून घेतला.

गुरुवार : तुळजा, मानमोडी, लेण्याद्री

जुन्नरची लेणी चारी बाजूंच्या डोंगरांत आहेत. शिवनेरीच्या पोटात, लेण्याद्रीत, मानमोडीत तीन जागी आणि तुळजेत. वेरूळ-अजिंठ्याची सवय असलेल्या डोळ्यांना ती निराश करतात, हे आधीच सांगितलेलं बरं. चित्रं नाहीत, भव्य बुद्धमूर्ती नाहीत. ही सुरुवातीच्या बौद्ध काळातली साधी विहारं, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या जागा, आणि चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनेची दालनं. भिक्षू पावसाळ्याचे चार महिने इथे राहत, आणि वाटेवरचा व्यापारी त्यांच्या डोक्यावर छप्पर आणि टाक्यात पाणी याची सोय करून पुण्य जोडी. हे समजून गेलं की मग भिंती बोलायला लागतात.

तुळजेला सकाळी गेलो. इथलं चैत्यगृह गोल आहे, हे विशेष. मधोमध स्तूप, भोवती वर्तुळात बारा अठपैलू खांब, वर घुमटासारखं छत. असा गोल चैत्य इतरत्र सहसा सापडत नाही. आत एक घुबड होतं, त्याला आमचं येणं पटलं नाही.

मानमोडी शहराच्या दक्षिणेला. वाट काटेरी झुडपांतून जाते आणि कड्याला आग्या मोहोळांची पोळी लटकलेली असतात. आरडाओरडा, अत्तर आणि धूर, तिन्ही वर्ज्य. भूतलिंग गटातल्या एका अर्धवट राहिलेल्या चैत्याच्या दर्शनी कमानीत फुललेल्या कमळाच्या पाकळ्या आहेत आणि पाकळी-पाकळीत आकृत्या. मध्ये उभी लक्ष्मी, तिच्या दोन्ही अंगांना हत्ती, त्यापलीकडे हात जोडलेली जोडपी. कमानीच्या वर एका बाजूला गरुड आणि दुसऱ्या बाजूला फणा काढलेला नाग. तिथेच कोरलंय की हे दर्शनी काम चंद नावाच्या यवनाचं दान आहे. ग्रीक वंशाचा माणूस, बौद्ध लेणं, आणि दारावर गजलक्ष्मी. दोन हजार वर्षांपूर्वी बंदरातून घाट चढून काय काय वर येत होतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. लेण्याच्या आत बघावं तर काम खडबडीत, छिन्नीचे फटकारे तसेच. पुढचा भाग देखणा झाला आणि पैसे किंवा कातळ संपला.

याच डोंगरात दुसऱ्या एका लेखात महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य अयम यानं टाकं आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे, वर्ष ४६. म्हणजे ही वाट सातवाहनांच्या हातून निसटून काही काळ क्षत्रपांकडे गेली होती. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा मारून तीच नाणी पुन्हा चलनात आणली. भांडण वाटेचं होतं; वाट ज्याची, जकात त्याची.

जुन्नरचे दानलेख वाचताना राजांपेक्षा दुकानदार जास्त भेटतात. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. कांसारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींची नावं येतात. एका लेखात तर करंजाची झाडं लावण्यासाठी शेताचं उत्पन्न लावून दिलंय. भाच्याला हे सगळ्यात पटलं. राजानं हत्ती दिले यापेक्षा वाण्यांच्या संघटनेनं पाण्याची टाकी बांधली हे त्याला ओळखीचं वाटलं.

दुपार कलल्यावर लेण्याद्री. तीनेकशे पायऱ्या, कडेला ताक, काकडी, आवळे, आणि प्रत्येक वळणावर माकडं, जी थेट पिशवीशी व्यवहार करतात. अष्टविनायकांतला डोंगरावरचा आणि लेण्यातला हा एकच गणपती, गिरिजात्मज. देऊळ म्हणजे मुळातलं बौद्ध विहार. एवढं मोठं दालन आणि मध्ये एकही खांब नाही, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. गणपती मागच्या भिंतीतच आहे, त्यामुळे प्रदक्षिणा घालता येत नाही. रांग होती, दर्शन झालं. पण रांगेतल्या बहुतेकांनी शेजारचं दालन बघितलं नाही, आणि मला सांगायचंय ते त्याच दालनाबद्दल. ते चैत्यगृह. खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, टोकाला स्तूप, आणि बाहेर दाराच्या वर कोरलेली एक ओळ. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान. हेरणिक म्हणजे सोनार किंवा सराफ.

कल्याणचा सराफ. त्याच शहरातून आम्ही मंगळवारी एसटी पकडली होती. "मामा, हा पण नाणेघाटानंच आला असणार ना?" दुसरी सोयीची वाट कुठली होती त्याला?

शुक्रवार : शिवनेरी, मग खोडद

शिवनेरीला सात वाजताच भिडलो, तरी आमच्या आधी चार शाळांच्या सहली पोचल्या होत्या. सहलींचा मोसमच हा. सात दरवाज्यांची ती वाट आता रुंद आणि फरसबंद आहे, आणि प्रत्येक दरवाज्यात पोरं थांबून घोषणा देत होती. साखळदंडाची दुसरी वाट कड्यातून जाते; ती सराव असलेल्यांसाठी. शिवाई देवी, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, मग शिवजन्माची दुमजली इमारत. १९ फेब्रुवारी १६३०. तिथे पाळण्यासमोर पाचवीतल्या एका मुलीनं बाईंना विचारलं, "बाई, महाराज मोठे झाल्यावर इथं राहायचे का?" बाई क्षणभर अडल्या. प्रश्न बिनतोड होता. महाराजांच्या हयातीत शिवनेरी स्वराज्यात आलाच नाही. १६५७ मध्ये त्यांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहराच्या तटात प्रवेश केला, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले, पण डोक्यावरचा किल्ला मोगलांकडेच राहिला. मराठ्यांकडे तो आला शाहू महाराजांच्या काळात.

कडेलोटाच्या टोकावर उभं राहिलं की आख्खा मुलूख समजतो. पश्चिमेला चावंड, त्याच्यामागे घाटाच्या डोंगरांची निळी रेघ. उत्तरेला लेण्याद्री, दक्षिणेला वडजचं पाणी आणि मानमोडी. पायाखाली शहर. मलिक अहमदनं १४९० मध्ये बहामनींपासून फुटून निजामशाही उभी केली तेव्हा त्याचं ठाणं हेच होतं. अहमदनगर नंतर वसवलं. एकेकाळी इथला हातकागद प्रसिद्ध होता, जुन्नरी कागद म्हणून तो दूरदूर दप्तरांत वापरला जायचा. गडाच्या कड्यात साठेक लेणी आहेत. सहलीतल्या मुलांना ती कुणी दाखवत नाही. खरं तर किल्ला नंतर झाला. आधी त्या कातळात भिक्षू राहत होते, कारण खालून वाट जात होती.

दुपारी खोडद. शुक्रवार मुद्दाम ठरवला होता, कारण आधी विचारून गेलं तर त्या दिवशी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण बघता येते. कांदा आणि उसाच्या शेतांतून जाताना अचानक ऊसाच्या तुऱ्यांवर एक जाळीदार थाळी उगवते, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३०. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या वाय आकाराच्या तीन भुजांवर दूरपर्यंत पसरलेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचं हे काम, आणि त्यामागचं डोकं गोविंद स्वरूप यांचं. फाटकाशी मोबाईल बंद करायला लावतात. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की मोटारसायकलच्या ठिणगीचाही त्यात कचरा होतो. म्हणूनच शहरांपासून दूर, भोवती डोंगरांचा आडोसा असलेली ही जागा निवडली.

भाच्याचा हा खरा मुक्काम. थाळीच्या खाली उभं राहून वर बघितलं तर पलीकडचे ढग दिसतात, कारण ती पत्र्याची नाहीच. अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जाड पोलादी तारांची जाळी दोरखंडासारख्या ताणांवर बसवली आहे. लांब लहरींना ही जाळी आरशासारखीच लागते आणि वारा मात्र आरपार जातो. वजन कमी, खर्च कमी. "हे भारी डोकं आहे," तो म्हणाला, आणि पुढचा तासभर मला त्याच्याशी बोलायला वावच मिळाला नाही.

परतताना अंधार पडायच्या आत निघा असं रखवालदारानं दोनदा बजावलं. बिबट्या. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात बिबट्यांच्या पिढ्या जन्मू लागल्या. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. शेतकऱ्यांची मागणी साधी आहे, पाणी द्यायला वीज दिवसा द्या. रात्री दोन वाजता मोटर चालू करायला उसातून जावं लागणाऱ्या माणसाला वन्यजीवांचं महत्त्व शहरातून सांगणं सोपं असतं.

नारायणगावी मुक्काम केला. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच, विठाबाईंचं गाव. फडांच्या राहुट्या जत्रांच्या सुपाऱ्या धरायला लागतात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर. आता बाजारात फक्त टोमॅटोचे क्रेट होते.

शनिवार : बोरी आणि आळे

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर एक पांढुरका थर आहे. ही ज्वालामुखीची राख, सुमात्रातल्या टोबाची मानली जाते, वाऱ्याबरोबर इथवर आलेली. बरोबर अश्मयुगीन दगडी हत्यारंही सापडली. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे काम केलं. राख टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या उद्रेकाची की त्याहून फार जुनी, यावर अभ्यासकांत वाद आहे. चिमटीत घेतली तर पिठासारखी मऊ लागते. आम्ही पुन्हा जागच्या जागी ठेवली. सगळ्यांनी चिमूट-चिमूट नेली तर थर किती दिवस पुरेल?

शेवटचं गाव आळे. इथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा भावंडांबरोबर चालत निघाला, आणि आळंदीच्या वाटेवर इथे त्यानं देह ठेवला, अशी श्रद्धा. देऊळ प्रशस्त आहे, सकाळी फुगड्या खेळणाऱ्या बायकांचा एक जथा आला होता. पैठण म्हणजे नागनिकेच्या सासरचं प्रतिष्ठान. आम्ही पश्चिमेकडून ज्या वाटेनं आलो तिच्याच दुसऱ्या टोकाकडून तो रेडा निघाला होता. हे आधी माझ्या डोक्यात कसं आलं नव्हतं कोण जाणे. भाच्यानं नकाशावर बोट ठेवलं तेव्हा आलं.

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. कल्याणची एसटी माळशेजवरून उतरते. गाडी खच्चून भरली होती. भाच्याला खिडकी मिळाली, मी कुणाच्यातरी कल्याणला निघालेल्या कांद्याच्या गोणीवर बसलो.